हिरामणची अरबी आणि पेंढ्याचं रेडकू

हेंद्रेपाड्याचा हिरामण अरबी शिकला तो रागानं. कल्याणच्या शाळेत संस्कृतच्या गुरुजींनी पहिल्याच तासाला त्याला उभं केलं, एक श्लोक म्हणवला आणि भर वर्गात सांगितलं, "अरे, ही जीभ गुरं हाकायची. हिला देवाची भाषा पेलायची नाही." पोरं खिदळली. हिरामणनं वह्या उचलल्या, व्हरांडा ओलांडला आणि समोरच्या खोलीत अरबी शिकवणाऱ्या मौलवींपुढं जाऊन मांडी ठोकली.

"चुकून आलास का रे?" मौलवींनी विचारलं.

"नाय. मुद्दाम आलोय."

मॅट्रिक झाला, मुंबईच्या कॉलेजात गेला, तिथंही अरबी सोडली नाही. शेतात चिखलणी करताना, राब भाजताना तोंडानं अरबी चालूच. शेजारपाजारचे म्हणायचे, बनूबाईच्या पोराला कायतरी लागलंय. लागलं होतंच. राग लागला होता. रागात माणूस पुष्कळ पाठ करतो, आणि त्या पाठांतरावर पहिल्या दोन परीक्षा निघाल्या.

त्रेपन्न साली वरच्या वर्गात गेला आणि पाठांतराचा बैल तिथंच बसला. खालच्या पुस्तकांत अक्षरांच्या वरखाली खुणा असायच्या, उच्चार सांगणाऱ्या. वरच्या पुस्तकांत त्या नाहीत. नुसती उघडी अक्षरं. आधी अर्थ लावा, मगच वाचता येईल. आणि लावायचा कशाचा, तर हजार-बाराशे वर्षांपूर्वी वाळवंटात गुरं राखणाऱ्या लोकांच्या कवितांचा.

वर्गात चौघे. तिघे मुंबईचे, पाळण्यात असल्यापासून कानावर अरबी पडलेले. चौथा हा. अंगाला गोठ्याचा वास. दारात पाय ठेवला की एक जण नाकाला रुमाल लावून म्हणायचा, "आ गया भैंसवाला अरब!" हिरामण दात आवळून बाकावर बसायचा. प्रोफेसर फकीह हसायचे नाहीत, पण कुणाला गप्पही करायचे नाहीत. भाद्रपदात त्यांनी एका कवितेचा कागद त्याच्यापुढं टाकला.

"पुढच्या शुक्रवारी ही वाचायची आणि उलगडायची. जमलं तर वर्गात राहा. नाही जमलं तर अर्ज लिही, दुसरा विषय घे. घोकून इथवर आलास, पुढं घोकून जाता येत नाही."

दुसरा विषय म्हणजे आणखी एक व्हरांडा ओलांडायचा. ह्या खेपेला हाकलून.

हिरामणला वर्गाबाहेर शिकवणारा एकच माणूस होता, उल्हासनगरच्या कँपातला लोकूमल. सिंधमध्ये शाळेत फारसी-अरबी शिकवायचा. इथं बराकीच्या अर्ध्या खोलीत बायकोनं लाटलेले पापड विकायचा. हिरामण सकाळच्या गाडीनं त्याला शेरभर दूध द्यायचा आणि तासभर शिकून पुढं मुंबईला जायचा. त्या महिन्यात मात्र दुधाचीच पंचाईत झाली. म्हशीचं रेडकू मेलं आणि तिनं पान्हा चोरला. दुधाचा थेंब नाही, काही नाही. धारेला बसलं की लाथ.

बनूबाईनं केलं तेच जे तिच्या सासूनं केलं असतं. रेडकाचं कातडं सोलून वाळवलं, आत भाताचा पेंढा ठासला, चार काटक्यांचे पाय लावले, पाठीवर मीठ चोळलं आणि म्हशीच्या तोंडापुढं उभं केलं. म्हशीनं हुंगलं, चाटलं, आणि पान्हा सोडला. लोकूमलचं दूध चालू राहिलं.

शुक्रवारी हिरामण कविता घेऊन वर्गात उभा राहिला. दहा ओळींची. पहिल्या सहा ओळींत एक म्हातारी मेलेल्या पोराच्या नावानं रडते. सातव्या ओळीत एक सांडणी, म्हणजे उंटीण, येते, आणि तिच्यापुढं एक शब्द. मुंबईच्या तिघांनी शब्दकोश बघून त्याचा अर्थ 'भुसा भरलेली बाहुली' असा लिहून आणला होता आणि पुढं त्यांचं घोडं अडलं होतं. बाहुलीचं नि सांडणीचं काय नातं?

हिरामणला ते आठवड्यातच उमगलं होतं. हे तर त्याच्या गोठ्यातलं होतं! तो बोलत सुटला. कातडं कसं सोलतात, पेंढा कसा भरतात, मीठ कुठं चोळतात. रुमालवाला तोंड उघडं टाकून बघत होता. फकीह पुढं झुकले.

"बरोबर. मग? पुढच्या तीन ओळी?"

"पुढं काय सर, जनावर फसतं. निवतं नि दूध देतं. मला ठाऊक हाय."

"वाच."

हिरामणनं कागदाकडं बघितलं. त्या तीन ओळी त्यानं धड वाचल्याच नव्हत्या. आठवड्यात जिथं सातवी ओळ उलगडली तिथंच तो हुरळून थांबला होता. आता उभ्या उभ्या त्यानं अक्षरांत 'निवली' शोधलं, सापडलं नाही, तरी दडपून तेच वाचलं.

"चूक," फकीह म्हणाले. "ती निवत नाही. घिरट्या घालते. वेडी होते बिचारी. तुला ठाऊक होतं, म्हणून तू वाचलं नाहीस. सोमवारी अर्ज आण."

मागून कुणीतरी म्हैस ओरडल्यासारखा आवाज काढला.

घरी आला तो पेटलेला. दप्तर फेकलं, गोठ्यात शिरला आणि पेंढ्याच्या रेडकाला अशी लाथ घातली की ते भिंतीवर आपटून उसवलं. पेंढा सगळीकडं.

बनूबाई हातात तांब्या घेऊन धावली. "मुडदा बसवला तुझा! त्यानं काय केलंन तुला?"

"खोटं हाय ते! खोट्यापायी माझा वर्ग गेला!"

"आरं पन म्हशीला कशाला भेवडवतंस? बघ ती."

म्हैस दाव्याला ताण देऊन त्या कातड्याकडं ओढ घेत होती. नाक पोचेना तशी खुंट्याभोवती फिरायला लागली. एकदा, दोनदा. घशातून बारीक आवाज.

"आज वेडी झालीय," हिरामण म्हणाला.

"आज?" बनूबाई फणकारली. "रोज करते. धार झाली, कातडं उचलून नेलं, का रोज आशीच फिरते. तू तवा ओटीवर पुस्तकात तोंड घालून बसतोस. दिसल कसं?"

"मंग फसते म्हनून दूध देते ना?"

"फसती कुठं? पेंढा हाय ते तिला म्हायत हाय. मीठ चाटते, पोराच्या कातड्याचा वास घेते, दूध सोडते. वेडी नाय ती, नि फसलेली पन नाय. चल, भर तो पेंढा. तूच उसवलास, तूच शिव."

हिरामणनं गोणपाटाची सुई घेतली. टाके रागानं वाकडे पडत होते. राग आता फकीहांवर होता, गुरुजींवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. डोळ्यापुढं रोज घडत होतं आणि दिसलं नव्हतं. शिवून झाल्यावर त्यानं कागद काढला. आठवी, नववी, दहावी ओळ. एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं. खुणा नव्हत्या, तरी ओळ उभी राहिली.

सोमवारी तो अर्जाशिवाय वर्गात शिरला. बस म्हणायची वाट न बघता त्यानं त्या तीन ओळी खडखडीत वाचल्या.

"मी चुकलो सर. वाचलं नाही. पण तुम्हीही चुकलात. वेडी असं ह्यात कुठं आहे? दाखवा. तिला माहीत आहे तो भुसा आहे. माहीत असून ती जवळ जाते, दूध देते आणि फिरते. म्हातारीचंही तेच. माझी आई न शिकलेली बाई आहे, तिला हे कळतं."

रुमालवाला हसायला गेला. फकीहांनी त्याच्याकडं बघितलं, जूनपासून पहिल्यांदाच, आणि त्याचा रुमाल खिशात गेला. मग चष्मा पुसून त्यांनी त्या तीन ओळी स्वतः दोनदा वाचल्या. 

"वेडी नाही," ते म्हणाले. "बस. आणि आवाज खाली कर, हा बाजार नाही."

संध्याकाळी बनूबाईनं विचारलं, "काय म्हनला तुझा मास्तर?"

"बस म्हनला."

"मंग आजून फुगलायस का?"

"बस म्हनायला त्याला तीन म्हयने लागले," हिरामण म्हणाला, आणि रेडकू उचलून म्हशीपुढं ठेवलं. धार झाल्यावर त्यानं ते लगेच उचललं नाही.