चाळीस पोरांचा वर्ग

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पस्तीस साल. मी बारा वर्षांचा होतो. आई अकरा म्हणायची, पण बारा खरं.

आमचं गाव केजच्या बाजाराला पायी जाऊन येण्याच्या अंतरावर. शाळा चावडीत भरायची. मास्तर एक आणि पोरं सत्तर. पुढच्यांनी पाढा म्हटला की मागचे नुसतं तोंड हलवायचे. माझ्या पाटीवर मास्तरांची नजर आठ-आठ दिवस पडत नसे. तरी मी एक दिवस चुकवला नव्हता.

मग वरून हुकूम आला : एका मास्तरापुढं चाळीसच पोरं. जादा असतील तर दुसरा मास्तर मिळेल. मास्तरांनी तो पाटलांना दोनदा वाचून दाखवला.

पाटील म्हणाले, "सरकार मास्तर देतंय व्हय? असलेला नेतंय. सत्तर दिसली की शाळाच उचलून केजला नेतील."

सरकारी माणूस आला की जादाचं लपवायचं, ही गावाची जुनी सवय. जनावरं लपवायचे, तशी पोरंही लपवायची ठरलं.

तपासणीच्या सकाळी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तू शहाणा हायेस. ही बारकी पोरं नदीपल्याड बाभळीत घेऊन जा. गलका होऊ देऊ नको."

सत्तरांतून मला निवडलं म्हणून मी ताठलो. एकानं विचारलं, "आमी कावून लपायचं?"

"गप बे. मास्तरांनी सांगितलंय."

दिवसभर त्यांना हळू आवाजात पाढे म्हणायला लावले. एकेकाची पाटी हातात घेऊन बघितली. एकोणतीस पोरांच्या पाट्या बघायलासुद्धा दुपार कलली.

संध्याकाळी परतलो तर तपासणीचे साहेब निघून गेले होते. चावडीतली चाळीस पोरं बघून लई खूश झाले म्हणे. "एक मुदर्रिस, चालीस लडके, बहुत खूब," म्हणाले आणि बसलेल्यांचीच नावं नव्या रजिस्टरात लिहून खाली शिक्का मारून गेले. दुसरा मास्तर लागत नाही, असा शेराही मारला.

मास्तर मान वर करीनात. "तुझं नाव आता घालता येत न्हाई. ओसरीवर बस. आतलं ऐकू येतं."

"नाव न्हाई तर मी न्हाई."

घरी बाप म्हणाला, "लेका, आत काय अन् ओसरी काय! अक्षर तेच हाय की."

मी जेवलो नाही.

शाळा सुधारली, हे खोटं कशाला सांगू? चाळीस पोरांत मास्तर रोज प्रत्येकाची पाटी बघू लागले. दोघं-तिघं पुढं तहसिलीत कारकून झाले. आता कोणी म्हणालं, वर्ग लहान असला की पोरं शिकतात, तर मी हो म्हणतो. बाकीच्यांचं काय झालं, हे मी पूर्वी विचारायचो. आता तेवढंही बोलायचा कंटाळा येतो. मला सही येते, पाढे येतात, आणि हे एवढं लिहायला चार दिवस लागले.

त्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकोणतीस पोरं पाट्या घेऊन माझ्याच दारात उभी. त्यांना चावडीपर्यंत नेलं, ओसरीवर दोन रांगांत बसवलं आणि विहिरीवर मोट हाकायला गेलो.