वडनेरच्या देवीचं अपुरं बोट

माझ्या मोठ्या बाबांनी मला फसवलं. माझी परीक्षेची मूर्ती त्यांनी परदेशातून उचलून आणली, वडनेरच्या देवळात बसवली आणि तिची देवी करून टाकली. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव त्यांना हार घालतं. मला अजून प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

शाळेत होते तेव्हापासून मी हिंगणघाटच्या आठवडी बाजारात भांड्यांचं दुकान मांडायचे. घरून एक सतरंजी मिळाली, बाकी सगळं मी उभं केलं. गिऱ्हाइकाचं जुनं पितळ मोडीत घ्यायचं आणि नवं भांडं द्यायचं. टिचकी मारली की भांडं खरं बोलतं, गिऱ्हाईक बोलत नाही. माझी घासाघीस ऐकायला शेजारचा मिरचीवाला आपलं गिऱ्हाईक सोडून यायचा. त्याच बाजारात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गंज-पातेल्यासाठी, परातीसाठी बायका माझा जीव काढतात. पण पितळेचा बाळकृष्ण घेताना त्याच बायकांचा आवाज खाली येतो. देवाचा भाव कोणी पाडत नाही. मी ठरवलं, भांडी पुष्कळ झाली, आता देव करायचे.

देव ओतायला शिकायचं तर नेपाळात ललितपूरला जा, असं एका मूर्तीच्या व्यापाऱ्याने सांगितलं. शिष्यवृत्ती मिळवली, अर्धी भांडून. घरी सांगितलं तर चुलतभाऊ हसला, "नेपाळ म्हणजे परदेश हाय काय? ना विमान, ना व्हिसा. गोरखपूरच्या जरा पुढं!" त्याचा मेव्हणा जर्मनीला होता, म्हणून हा माज. मी म्हटलं, "तू तर वर्धेच्या पुढं गेला नाई अजून."

ललितपूर शहर मला पहिल्या दिवसापासून आवडलं, कारण तिथे देवांचा कोणी बाऊ करत नाही. चौकाचौकात देऊळ, देवळाच्या पायरीवर वाळत घातलेला मुळा, आणि दगडी सिंहाला टेकवलेली माझ्या वर्गमैत्रिणीची स्कूटी. सकाळी सगळं शहर घंटा वाजवतं आणि मग निवांत चहा पितं. नदीपलीकडे काठमांडूत दाढदुखीचासुद्धा एक देव आहे. लाकडाच्या ओंडक्याला लोकांनी नाणी ठोकून ठेवली आहेत. त्याच्या आजूबाजूला दातांचे दवाखाने आहेत. धंदा कुठे मांडावा, हे त्या डॉक्टरांकडून शिकावं.

आमचे गुरुजी म्हातारे, तिथल्या मूर्तिकारांच्या घराण्यातले. बोलायचे टीव्हीवरून शिकलेल्या हिंदीत. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर शेणमातीचे थर चढवायचे, वाळले की तापवून मेण काढायचं आणि रिकाम्या पोटात वितळलेला धातू ओतायचा. साचा फोडेपर्यंत आत काय झालंय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. मूर्ती बिघडली तर महिन्यांचं काम मातीत.

शेवटच्या परीक्षेसाठी मी वसुधारा निवडली. धान्याची, भरभराटीची देवी. सहा हात, एका हातात कणीस, एका हातात पोथी. भक्तीने नाही, हिशेबाने निवडली. कणीसवाली देवी आमच्याकडे खपेल, हे मला दिसत होतं. साचा फोडला तेव्हा मी रडले, इतकी सुरेख उतरली होती. फक्त एका हाताची करंगळी अर्धीच आली होती. धातू तिथपर्यंत पोचलाच नव्हता. गुरुजींनी मूर्ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "अच्छा हुआ. परीक्षा में सब के सामने यही उँगली जोड़ के दिखाओ. जोड़ दी तो पास." म्हणजे माझी दोन वर्षं त्या करंगळीवर येऊन टेकली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मोठ्या बाबांचा फोन आला. "पोरी, तुले भेटाले येऊन राह्यलो."

"कोण कोण?"

"घरचेच हाओत."

बसचं दार उघडलं आणि आतून मोठे बाबा, मोठी आई, आत्या, अख्खं भजनी मंडळ, त्यांच्या बायका आणि पेटीतबला असा सगळा वडनेर उतरला.

"मोठे बाबा, हे घरचे?"

"मंग? गाव म्हणजे घरच ना वं."

मी माझी खोली त्यांना दिली आणि मैत्रिणीकडे झोपायला गेले. मूर्ती माझ्या खाटेखाली होती, जुन्या गाऊनमध्ये गुंडाळलेली. मोठ्या आईला बजावलं, "खाटेखालच्या गाठोड्याले हात लावजो नको. माझी परीक्षा हाय ती." त्या म्हणाल्या, "आमी कायले हात लावतो?" पशुपतिनाथ झाला, खरेदी झाली, रुद्राक्षाचा भाव मी पाडून दिला, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तिसऱ्या पहाटे ते निघाले. मी वर्ग आटोपून खोलीवर आले आणि खाटेखाली वाकले. मूर्ती नव्हती. तिच्या जागी एक नारळ, एक खण आणि मूठभर तांदूळ. माझा गाऊन घडी करून बाजूला ठेवला होता.

चोरी करताना त्यांनी देवीची ओटी भरली होती!

फोन लावला तर बंद. पुढचा बंद. सरहद्दीवर काय झालं ते मोठ्या आईने नंतर अभिमानाने सांगितलं. शिपायाने पिशवी उघडायला लावली तर मंडळाने पेटी काढून तिथेच आरती सुरू केली. शिपायाने बूट काढले, हात जोडले आणि गाडी सोडली.

हे का केलं, तर मोठ्या बाबांनी रस्त्याच्या कडेला देऊळ बांधून ठेवलं होतं आणि त्यात देव नव्हता. मूर्तिकाराशी भांडण झालं, मूर्ती आलीच नाही आणि रिकाम्या चौथऱ्यावर लोकांच्या शेळ्या बसायला लागल्या. गाव विचारायचं, "पाटील, आरती कोणाची करता? बकरीची?" तेव्हा माझ्या खाटेखाली त्यांना सहा हातांची देवी दिसली. पुण्यक्षेत्रात मिळालेली वस्तू म्हणजे प्रसाद, आणि प्रसादाला मालक नसतो, असं त्यांनी धरलं.

मी बस, मग ट्रेन असं करत सेवाग्रामला उतरले आणि तडक वडनेर गाठलं. उशीर झाला होता. प्राणप्रतिष्ठा उरकून पंगत बसली होती. माझ्या वसुधारेला हिरवं लुगडं नेसवलं होतं, त्यात चार हात झाकून गेले होते. मी ज्या हातांसाठी डोळे फोडले, ते हात!

"काढा ते लुगडं," मी म्हटलं, "आणि मूर्ती द्या."

मोठे बाबा शांतपणे पान लावत होते. "काऊन ओरडून राह्यली? जेवून घे अगुदर."

"माझी परीक्षा हाय!"

"आता ते मूर्ती नाई राह्यली. जीव आला तिच्यात. जीव असलेल्याले परीक्षेले नेतेत का?"

पूजा करणारे महाराज शेजारीच होते. तेही म्हणाले, प्रतिष्ठा झालेला देव हलवत नाहीत. मी सौदा टाकला. "मी दुसरी करून देतो. हिच्यापेक्षा मोठी. फुकट." आयुष्यात हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला.

मोठे बाबा म्हणाले, "मंग ते मोठीच परीक्षेले नेजो ना. पास होशीन अजून चांगली."

पंगत हसली. माझं डोकं तापलं, पण अजून एक पत्ता माझ्या हातात होता. खंडित मूर्तीची पूजा होत नाही. मी पुढे झाले, लुगडं बाजूला केलं आणि ती अर्धी करंगळी महाराजांना दाखवली. "पाहा. खंडित हाय. कोणत्या शास्त्रात बसते ही?"

महाराजांनी चष्मा पुसला. पंगतीत वाढपी थांबले. मोठ्या बाबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्या क्षणी मूर्ती माझी होती, हे मी आजही शपथेवर सांगते.

तेवढ्यात आत्या पुढे आली. आत्यानेही आयुष्यभर माझ्यासारखीच घासाघीस करून भांडी घेतली आहेत. ती गोड आवाजात म्हणाली, "तुटलं असंन बिचारीच्या हातून. नवीनच शिकून राह्यली. कच्चं काम असते नवशिक्याचं."

"तुटलं?" मी ओरडले. "माझ्या हातून? तुटलं नाई ते! धातू पोचला नाई! एक चीर नाई अख्ख्या मूर्तीत, टिचकी मारून पाहा!"

आत्या महाराजांकडे वळली. "घ्या. तुटली नाई म्हणते. चीरबी नाई. मंग खंडित कशी?"

महाराजांनी चष्मा चढवला आणि निकाल दिला. खंडित नाही, अखंड आहे. देवीचीच तशी इच्छा. वाढपी पुन्हा वरण घेऊन फिरू लागले.

ललितपूरच्या संस्थेला मी नाना तऱ्हेने विनवलं. दुसरी मूर्ती चालेल का? नाही, परीक्षेला नोंद हिचीच आहे. फोटो चालेल का? नाही. परीक्षक वडनेरला येतील का? हसले. मूर्ती टेबलावर ठेवा, बोट जोडा, प्रमाणपत्र न्या. कधीही या, असं गुरुजी अजून म्हणतात.

आता वर्धेजवळ नालवाडीत माझी भट्टी आहे. समया, घंटा, लहान देव करते, पोट भरतं. पण मोठ्या देवळांची कामं मागायला गेलं की पहिला प्रश्न, प्रमाणपत्र? परवा एका देवस्थानच्या मंडळींना मी म्हटलं, प्रमाणपत्र राहू द्या, वडनेरची देवी बघून या, ती मी ओतली आहे. ते एकमेकांकडे पाहून हसले. "ताई, ती तर स्वयंभू आहे. तिथे पाटीच लावलीये."

मी जाऊन पाहिलं. खरंच पाटी आहे: नेपाळातून आलेली स्वयंभू देवी. अर्ध्या करंगळीची कथाही तयार आहे; देवीने म्हणे ते बोट वडनेरच्या पिकावर ओवाळून टाकलं. बायका त्या करंगळीला वेगळं कुंकू लावतात. माझ्या चुकीला नैवेद्य आहे आणि मला साधं नाव नाही.

मूर्ती ठेवा, मोठे बाबा. तिच्यावरचा हक्क मी मनातून कधीच सोडला नाही, तरी ठेवा. पण मेण मऊ असताना मी तिच्या बैठकीच्या खाली माझा अंगठा दाबला होता, तो धातूत जसाच्या तसा उतरला आहे. स्वयंभू देवीला माझा अंगठा कसा? येत्या नवरात्रात, आरतीला सगळं गाव जमलेलं असताना, मी तुमच्या समोर उभी राहणार आहे. पान खाली ठेवा, माझ्याकडे बघा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: ही देवी कोणी केली?