वनमाला मागची बाजू बघते

वनमाला मेश्राम कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघते. रेल्वेच्या भांडारात चोवीस वर्षं कारकुनी केलेली बाई. पण खोड त्याहून जुनी. लग्नानंतर पहिल्याच सकाळी भांडी घासताना तिनं सासरचे स्टीलचे गिलास उलटे केले. लग्न ठरवायला आलेल्या तिच्या वडलांना ज्यांतून सरबत दिलं होतं, त्या सहाही गिलासांच्या बुडाला शेजाऱ्यांचं नाव कोरलेलं. ती काही बोलली नाही. मनातून मात्र ते घर कायमचं उतरलं.

परवा ती मुलीला, रुचिताला घेऊन नवा रायपूरच्या एका खासगी कॉलेजात गेली. कंप्यूटर इंजिनिअरिंगसाठी पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस, आणि रुचिताचा जीव याच कॉलेजावर जडलेला. काचेची इमारत. आत एसी इतका गार, जणू विद्या नासू नये म्हणून ठेवलीय.

"प्लेसमेंट सौ परसेंट, आंटीजी," टाय लावलेला माहितीवाला म्हणाला.

"किती पोट्टे पास झाले आतापर्यंत?"

"पहली बॅच तो अभी सेकंड इयर में है."

"म्हणजे पोट्टा जन्मला नाही, अन् तुम्ही त्याले नोकरी लावून राहिले!"

मग त्यानं लॅब दाखवली. चाळीस कंप्यूटर. रुचिताचे डोळे लकाकले. वनमाला गुडघे दाबत कंप्यूटरांच्या मागं वाकली. एकाचीही वायर बोर्डापर्यंत पोचलेली नव्हती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवलेलं : नर्सिंग कॉलेज, भनपुरी.

"भैया, हे भनपुरीचे इथं काय करून राहिले?"

"अपनी ही संस्था है, आंटीजी. इन्स्पेक्शन के लिए... मतलब, शिफ्टिंग चल रही है."

पार्किंगमध्ये रुचिता फणफणली, "मम्मी, आप हर जगह बेइज्जती करवाती हो. बिल्डिंग तो अच्छी है ना!"

"तुया आजीचे गिलासही चांगले होते वं. मी गप बसली. तुले बसाचं आहे का जन्मभर गप?"

घरी पोचताच रुचितानं लॅपटॉप सुरू केला. मग फॉर्म उघडून, दोघींनी आधी पाहिलेलं, पण रंग उडालेलं म्हणून तिनंच नाकारलेलं सरकारी कॉलेज पहिल्या जागी टाकलं. बटणावर बोट थांबलं.

"वहाँ के कंप्यूटर पलटाके देखे थे?"

"हव. धूळ होती. पण नाव त्याहीचंच होतं. अन् कीबोर्डावरचे अक्षर घासून गेलेले."

रुचितानं बटण दाबलं. तासाभरात टायवाल्याचा फोन आला. उचलला रुचितानंच.

"हाँ भैया. भनपुरीवाले वापस गए क्या?"