वनमालानं गुडघा सांगितला

पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळणारी बाई म्हणून सिरसाळ्याच्या आसपासची माणसं वनमालाला ओळखतात. वय तिशीच्या पुढं, दोन लेकरं, गावात आशाताईचं काम. ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली आणि पायात नवऱ्यानं लातूरहून आणलेले बूट. शाळेत असताना पळण्यात ती तालुक्यात पहिली यायची. लग्नानंतर पळणं सुटलं ते धाकटा अंगणवाडीत जायला लागल्यावर पुन्हा सुरू झालं.

नवरा हनुमान टेम्पो चालवतो. आधी तो म्हणाला होता, "लोक काय म्हणतील?"

चुलीपुढून त्याची आई छबुबाई बोलली, "लोक झोपलेले असतेत त्या येळंला."

विषय तिथंच मिटला. वनमाला आधी दहा किलोमीटरची शर्यत पळाली, मग एकवीसची. आता तिला पूर्ण मॅरेथॉन पळायची होती, बेचाळीस किलोमीटरची.

पावसाळा सरत आला होता. कालव्याचा भराव एका जागी खचला होता, तिथं उडी मारताना तिचा डावा पाय चिखलात सरकला. दोन पाय दोन दिशांना गेले आणि जांघेत, अगदी वर, जुनं कापड टरकावं तसं काहीतरी झालं. लंगडत ती घरी आली.

"काय झालं गं?" छबुबाईनं विचारलं.

"पाय मुरगळला, आत्या."

"कुठं?"

वनमालानं इकडंतिकडं पाहिलं. ओसरीवर हनुमान चहा पीत होता, शेजारची सारजाबाई ताक न्यायला आली होती.

"गुडघ्यात," ती म्हणाली.

त्या दिवसापासून गुडघ्याची सेवा सुरू झाली. छबुबाई निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची, झोपताना तेल चोळायची. गुडघा ठणठणीतच होता. त्याची एवढी बडदास्त जन्मात कुणी ठेवली नव्हती. वनमाला निमूट पाय पुढं करून बसायची आणि वर जांघेतलं दुखणं तसंच राहायचं.

तिनं महिनाभर पळणं बंद ठेवलं. दुखायचं थांबलं. पुन्हा पळायला गेली, तर पहिल्या पुलापाशीच तीच कळ, त्याच जागी. पुन्हा आराम, पुन्हा तीच गत. पुढं पुढं खोकताना दुखायला लागलं, कुशीवर वळताना दुखायला लागलं. घरोघरी जाऊन बायांना "लाजू नका, काय होतंय ते सांगा" म्हणणारी वनमाला स्वतःचं दुखणं मात्र कुणाला सांगेना.

दिवाळीच्या आधी सगळे बाजाराला निघाले. टेम्पोत चढताना वनमालानं दोन्ही हातांनी मांडी धरली आणि पाय उचलून आत ठेवला. मागं उभ्या असलेल्या छबुबाईनं ते पाहिलं. दुपारी घरी आल्यावर दोघी डाळ निवडत बसल्या तेव्हा छबुबाई म्हणाली,

"गुडघा दुखणारं माणूस मांडी धरून पाय उचलत न्हाई. खरं सांग, कुठं दुखतंय?"

वनमालाचे डोळे भरले. "जांघंत. लई वर. कसं सांगू, आत्या? यांना सांगायचीबी लाज वाटती."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

वनमाला डाळीतले खडे वेचत राहिली. छबुबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"आमी ऊस तोडायला जायचो तवा माझ्या ओटीपोटात दुखायचं," ती म्हणाली. "मुकादमाला म्हणायची पाठ दुखती. तुझ्या सासऱ्यालाबी तेच. समदे पाठीलाच मलम लावायचे. लई वरसांनी दवाखान्यात गेले तवर पिशवी काढायची पाळी आलती. तुझ्याच वयाची हुते मी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वनमालाला हे माहीत नव्हतं. तिनं सासूचा हात धरला. छबुबाईनं तो धरू दिला.

"सांगावं, बाई. अंगाची जागा हाय ती. चोरीचा माल न्हाई."

त्याच आठवड्यात दोघी अंबाजोगाईला गेल्या. तिथं राजनंदिनीताई म्हणून फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी वनमालाला झोपवलं, दोन गुडघ्यांच्या मध्ये आपली मूठ ठेवली आणि म्हणाल्या, "दाबा." वनमालानं दाबलं आणि कळवळली.

"मांडी आत ओढणारा स्नायू दुखावलाय, हाडाला चिकटतो तिथंच," ताई म्हणाल्या.

"आणखी आराम करू का?"

"आरामानं दुखणं झोपतं, पण स्नायू दुबळाच राहतो. त्याला हळूहळू ताकद द्यायला हवी. थोडं दुखलं तर चालेल. दहापैकी दोनपर्यंत. जास्त झालं की थांबायचं."

बसमध्ये छबुबाईनं विचारलं, "दहातलं दोन म्हंजे किती गं?"

वनमालालाही ते नीट सांगता येईना. शेवटी छबुबाईनंच माप ठरवलं. मुंगी चावल्यागत झालं तर व्यायाम चालू ठेवायचा, गोम वळवळली तर कमी करायचा, विंचू आला तर बंद.

मग रोज संध्याकाळी, सैपाकाच्या आधी, ओसरीवर व्यायाम सुरू झाला. गोधडीची घट्ट घडी गुडघ्यांत धरून वनमाला दाबायची. दळण चाळता चाळता छबुबाई विचारायची, "कोण आलंय?"

"मुंगी."

"चालू दे."

काही आठवड्यांनी ताईंनी अवघड व्यायाम दिला. कुशीवर झोपायचं, वरचा पाय उंचावर टेकवायचा आणि त्या पायाच्या जोरावर अंग उचलायचं. बाजेवर पाय ठेवला तर बाज सरकायची. छबुबाई बाजेवर बसली आणि म्हणाली, "दे पाय हिकडं."

"आत्या, तुमच्या मांडीवर पाय ठिवू?"

"मग काय डोक्यावर ठिवतीस? दे."

छबुबाईनं सुनेचा घोटा दोन्ही हातांत धरला. ऊस तोडून निबर झालेले ते हात जराही हलत नव्हते. व्यायाम संपला की वनमाला सासूच्या पाया पडायची. चार-पाच दिवस चालवून घेतल्यावर छबुबाई म्हणाली, "रोज रोज पाया पडू नको. भाकरीला उशीर होतो."

संक्रांतीपर्यंत वनमाला चांगली चालायला लागली, मधेमधे थोडं पळायलाही लागली. एका सकाळी हवा गार होती आणि अंग हलकं वाटत होतं. ठरलेल्या जागी परत फिरायच्या ऐवजी ती पुढं गेली, आणखी पुढं गेली. येताना तीच कळ आली आणि कालव्याच्या कडेला तिला बसावं लागलं. हनुमान टेम्पो घेऊन आला तेव्हा कुठं ती घरी पोचली.

तिनं बूट काढून सरपणाच्या मागं फेकले. "बास झालं. मला न्हाई व्हायचं बरं. लेकरं झालेल्या बाईनं पळायचंच कशाला?"

संध्याकाळी छबुबाई गोधडी न घेता तेलाची वाटी घेऊन आली आणि सुनेच्या मागं बसली.

"आज पायाला सुट्टी. डोक्याचं बघू."

तिनं वनमालाचे केस मोकळे केले, तेल मुरवलं, सावकाश विंचरून वेणी घातली. वनमाला आधी रडली. मग नुसतीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी हनुमाननं सरपण उपसून बूट काढले, झटकले आणि दाराशी ठेवले. वनमाला आपणहून गोधडीची घडी घेऊन ओसरीवर आली. गुडघ्यांत घडी धरून हळूच दाबण्यापासून, सगळं पहिल्यापासून.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ह्या वेळी तिनं घाई केली नाही. चालणं, मग चालत-पळणं, मग पळणं. एक दिवस तिच्या ध्यानात आलं की आपण कुशीवर वळलो आणि काहीच दुखलं नाही. तिनं हनुमानला उठवून ते सांगितलं. त्यानं झोपेतच "झाक झालं" म्हणून पुन्हा डोळे मिटले.

थंडीत लातूरला एकवीस किलोमीटरची शर्यत होती. पहिल्यांदाच छबुबाई बरोबर गेली. वनमाला आधीच्या शर्यतीपेक्षा सावकाश पळाली, पण शेवटपर्यंत पळाली. रेघ ओलांडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत सासू कुठं दिसेना. शोधत गेली तर छबुबाई चहाच्या गाड्यावर बशीतून चहा पीत उभी होती.

"आलीस बी?" ती दचकली. "मला वाटलं अजून लई येळ हाय."

वनमालाला हसू आवरेना. घामेजल्या अंगानंच तिनं सासूला मिठी मारली आणि निम्मा चहा सांडला.

"पाय?" छबुबाईनं विचारलं.

"पोटऱ्या भरल्यात. बाकी काय न्हाई."

टेम्पोत बसल्यावर छबुबाईनं विचारलं, "आन् ते बेचाळीस म्हंजे कुठवर?"

"आपल्या घरून परळीला जायचं आन् तसंच परत यायचं, असं धरा."

छबुबाईनं थोडा विचार केला. "मग वैजनाथाचं दर्शन तरी घेऊन ये मदी. एवढं जातीच हायस तर."