पोथीची पाठ

श्रीबृहदीश्वराच्या चरणी मस्तक ठेवून, वडिलांच्या वार्षिक श्राद्धाच्या दिवशी हे लिहीत आहे. मस्तक ठेवून असे लिहिले खरे. माझी पाठ आता तेवढी वाकत नाही, आणि सरळही होत नाही.

आमच्या घरात अशा पाठीला ‘पोथीची पाठ’ म्हणत. आजोबा आणि वडील राजवाड्यातल्या ग्रंथालयात ताडपत्रांवर ओणवून बसत. दोघेही ऐन तारुण्यात वाकले. तो विद्येचा बाक, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. माझी पाठ वाकू लागली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती.

म्हणूनच नात सकाळी उठताना भिंत धरू लागली, तेव्हा मला ती पाठ आठवलीच नाही. ती तमिळ शाळेत शिकली; देवनागरी तिला अडखळतच वाचता येते. पोथीशी तिचा काय संबंध? ओरत्तनाडू गावच्या कचेरीत नोकरी, रोजचा बसप्रवास. बसच्या धक्क्यांनी होत असेल, असे मी ठरवले. तिळाचे तेल चोळवले, काढा दिला.

“आजा, निजलं की जास्तीच दुखतंय. चाललं की सुटतंय.”

“चालून दुखणं बरं होतं का कुठे? गप्प नीज.”

दोन वर्षे मी तिला निजवले.

मग तिचा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी कमरेचे चित्र काढले, रक्त तपासले. एचएलए-बी२७ नावाचा जीन निघाला. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, “आजोबा, तुमची पाठ कधीपासून अशी?”

“पोथ्यांमुळे,” मी सवयीने म्हणालो.

ते हसले नाहीत. शरीराचे रक्षण करणारी शक्ती कधी आपल्याच मणक्यांवर, कधी डोळ्यांवरही उलटते; या जीनमुळे तो धोका वाढतो, असे त्यांनी समजावले. जीन असला म्हणजे आजार होतोच असे नाही. तिच्या बापाची, माझ्या मुलाची, पाठ ताठ आहे. पण घरात वाकलेल्या पाठी असताना लवकर यायला हवे होते, ते म्हणाले. आणि निजून राहणे हे तर वाईटच. कमरेच्या तळाचे सांधे जुळून गेले आहेत, ते आता सुटणार नाहीत. वरचा कणा वाचावा म्हणून इंजेक्शने सुरू झाली आहेत. गुण येईल की नाही, कोणी सांगत नाही.

आज तीन पिढ्यांची नावे घेऊन पिंड ठेवले. दाराशी उभी राहून नात म्हणाली, “आजा, तुम्ही त्यांना दरवर्षी देता. त्यांनी मला एकदाच दिलं, पण पक्कं दिलं.”

पुरोहित हसले. पुढे कुळ वाढो अशी पितरांकडे मागणी करायची असते. काय वाढो म्हणू?

रोज सकाळी मी तिला मान दोन्हीकडे वळवायला लावतो. आज डावीकडे कालच्यापेक्षा कमी वळली. तिने ते हसण्यावारी नेले, मी पाहिले.

वाचकहो, तुमच्या घरातील सर्वांची पाठ प्रत्येक सकाळी सुखाने उठो. कोणा लेकराची उठत नसेल, तर ईश्वर तुम्हाला त्याचे ऐकण्याची बुद्धी देवो, माझ्यापेक्षा लवकर.