शेवंताला न मिळालेला गाळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं लिहिता येतं.

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. नागपुरातली आमची झोपडपट्टी हलवून सरकार कमी भाड्याचे पक्के गाळे देणार होतं. पण घरातलं कुणी जेलात जाऊन आलं असेल, तर गाळा नाही. हे मोहाची दारू गाळताना सापडले होते, शिक्षा भोगून आले होते. शेजारच्या शेवंताचा नवरा किसनही तांब्याच्या तारेच्या चोरीत आत गेला होता — सुटून आता रिक्षा ओढत होता. शिक्षा एकदा झाली ना? मग बायकालेकरांचं छप्पर काढून ती पुन्हा कशाला द्यायची? तो नियम मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

साहेब चौकशीला आले तेव्हा पुरुष कामावर होते. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही — म्हणून साहेब एकीच्या माणसाबद्दल दुसरीला विचारू लागले. मी पदराआड. शेवंता पुढे झाली, यांचं नाव घेऊन ठणकावून म्हणाली, "जेलात? तो काहून जाईन जी? भिवापूरले मिरच्या तोडाले गेला होता. मुंगीलेबी भेते तो."

साहेब हसले. आमचं काम झालं.

मग माझी पाळी. शेवंता माझ्याकडे बघत होती — निर्धास्त. तिनं माझ्यासाठी केलं तेवढंच मला करायचं होतं. मी लाजाळू, माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही — असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आले! खोटं आहे ते. शब्द फुटला. हिच्या माणसाबद्दलचं खोटं पकडलं गेलं तर आमचंही उघडं पडेल, असं मनात आलं, आणि मी म्हणाले, "किसन चोरीत जेलात होता."

शेवंतालाही यांचं खरं तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. साहेब गेल्यावर एवढंच म्हणाली, "बोलता येते वं तुले. मले वाटलं, मुकी हायेस."

आम्ही गाळ्यात आलो. ती हुडकेश्वरकडे कुणाच्या तरी गोठ्यात राहायला गेली, असं ऐकलं. मी बघायला गेले नाही.

शेवंता यांच्यासाठी जे खोटं बोलली, त्याची मला लाज नाही. उद्या विचारलं तर मीही तेच सांगेन. लाज आहे ती त्या एका खऱ्याची. भीती होती, लेकरं लहान होती, पावसाळा तोंडावर होता — पण हे सगळं शेवंतालाही होतं.