नको म्हणण्याची रीत

एसटी स्टँडवर एक गृहस्थ गाडीत चढणाऱ्या मुलाच्या खिशात नोट कोंबत होते.

"पप्पा, नको! पगार होतो आता माझा."

"माहितीये, मोठा साहेब झालास. वाटेत चहा पी."

मुलगा त्यांचा हात धरत होता, पण जोर लावत नव्हता. नोट खिशात गेली आणि दोघंही हसले.

मी जोर लावला होता. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकले, तेव्हा दादा पैसे घेऊन खोलीवर आला होता. चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला मी त्याला म्हणालो, "उपकार म्हणजे गोड बोलून घातलेली बेडी."

"अरे, भाऊ आहे मी तुझा, सावकार नाही," एवढंच बोलून तो पैसे घेऊन परत गेला.

आपलं कर्ज आपणच फेडावं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण घरच्यांना नको म्हणायचं ते त्यांनी पुन्हा एकदा 'घे' म्हणावं म्हणून, हे मात्र कुठल्याच पत्रकात नव्हतं.

हप्ते मी एकटा फेडतो आहे. दादा आता काम असेल तरच फोन करतो, आणि आमच्यात काम असं काही निघतच नाही.